टायर मोठे केले तरी गाडी खाली लागतेच

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबणार आहे हे आधीच सांगतो, कात्री लावायची तर लावा पण आकडे तेवढे कापू नका, कारण सगळं म्हणणं त्या आकड्यांतच आहे. माझं टायर आणि व्हील अलाईनमेंटचं दुकान आहे, तालुक्याच्या गावी, हायवेपासून जरा आत. बावीस वर्षं झाली. आधी नुसतं पंक्चर काढायचो, मग बॅलन्सिंगचं मशिन घेतलं, मग लोन काढून अलाईनमेंटचं. म्हणजे खाली जे लिहितोय ते माझ्याच गल्ल्याच्या विरोधातलं आहे, आणि घरात दोन दिवस तेच ऐकून घेतोय.

तर झालंय असं की गणपतीच्या आधी महिनाभर आणि नंतर परत दिवाळीला माझ्याकडं एकच गिऱ्हाईक सारखं येत राहतं. माणूस वेगळा, गाडी वेगळी, बोलणं तेच. गाडी खाली लागते ओ, जरा मोठे टायर टाकून द्या. आमच्या गावाकडच्या रस्त्याला स्पीड ब्रेकर इतके झालेत की घरची पाच माणसं आणि डिकीत दोन पिशव्या घेऊन निघालं की प्रत्येक ब्रेकरला खालून खर्रर्र आवाज येतो आणि मागं बसलेल्या सासूबाई म्हणतात जावईबापू जरा हळू. हळू म्हणजे किती, गाडी जवळजवळ उभी करून उतरवली तरी लागतेच. यंदा गणपतीच्या आठवड्यात तिघांचं चेंबर फुटलं. चेंबर म्हणजे इंजिनाच्या खाली ऑईल असतं ती टाकी. त्यातला एकजण ऑईलची लाल बत्ती लागलेली असताना चार किलोमीटर तसाच आला, त्याचं पुढं काय झालं ते सांगत नाही, इंजिनाच्या कामाचं बिल त्याच्या बायकोला अजून माहीत नाही म्हणे.

आता मोठे टायर म्हणजे नक्की काय हे आधी बोलू, कारण इथंच निम्मी फसवाफसवी होते आणि त्यात आमच्या धंद्यातले लोक पण आलेच. उदाहरण स्विफ्टचं घेतो, आमच्याकडं ती भरपूर आहे आणि माझी स्वतःची पण तीच. टायरवर लिहिलेलं असतं १८५/६५ आर १५. यातला १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे १२० मिमी. आणि १५ म्हणजे रिम १५ इंची, म्हणजे ३८१ मिमी. भिंत वर एकदा खाली एकदा अशी दोनदा धरायची, ३८१ अधिक २४०, म्हणजे अख्खं चाक जमिनीपासून वरपर्यंत ६२१ मिमी. कॅल्क्युलेटर घेऊन कुणीही करावं, दहावी नापास माणसाला जमतंय (मला जमलंय). त्याच स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला कंपनी १४ इंची रिम देते, टायर १६५/८० आर १४. त्याचा हिशोब केला तर चाक ६१९ च्या पुढं जरासं येतं. म्हणजे रिम एक इंचानं मोठी पण चाक तेवढंच. कंपनीनं रिम वाढवली तेवढीच रबराची भिंत कमी केली, उगाच नाही.

हे गिऱ्हाईकाला सांगितलं की त्याचा विश्वास बसत नाही. कारण दुकानातल्या मोठ्या चकचकीत अलॉयकडं बघून वाटतं की मोठं चाक म्हणजे गाडी उंच. मागच्या वर्षी एकानं तीस-पस्तीस हजार घालून १६ इंची अलॉय आणि १९५/५५ चे टायर बाहेरून टाकून आणले आणि माझ्याकडं आला अलाईनमेंटला, म्हणाला आता बघा, आता नाही लागायची. मी कागदावर हिशोब करून दाखवला, १६ इंच म्हणजे ४०६ मिमी आणि भिंती दोन मिळून २१४, म्हणजे ६२१ ला जरासं कमीच. त्याचे आधीचे टायर १५ चेच होते. म्हणजे पस्तीस हजारात गाडी पाव-अर्धा मिलिमीटर खाली आली. तो बराच वेळ त्या कागदाकडं बघत बसला, मग चहा पण न पिता गेला.

चांगली दिसते हे मान्य आहे. मला पण आवडतं १६ चं चाक, वळणावर गाडी जरा घट्ट चालते, टायरची भिंत लचकत नाही म्हणून स्टेअरिंग पटकन ऐकतं, हे खरंय. पण त्यासाठी घ्या, उंचीसाठी नको. आणि आमच्या रस्त्यावर भिंत कमी झाली की काय होतं ते मी रोज बघतो. १५ च्या चाकाला १२० मिमी रबर आहे, १६ ला १०७ आणि हौशी पोरं टाकतात त्या १७ च्या २०५/४५ ला फक्त ९२. खड्ड्याच्या कडेला चाक आपटलं की धक्का घेणारं रबर तेवढंच असतंय, ते संपलं की पुढं डायरेक्ट रिम. मग टायरच्या बाजूला फुगा येतो, आतले धागे तुटलेले असतात, बाहेरून नुसतं टेंगूळ दिसतं. तो टायर फेकूनच द्यावा लागतो, फुगा काही पंक्चरसारखा काढता येत नाही. रिम वाकते ते वेगळं, ती प्रेस करून देतात काहीजण पण अलॉय एकदा वाकून सरळ केली की तिच्यावर माझा तरी भरवसा नाही. एक पोरगा १७ इंची टाकून आला होता, पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन टायर. त्याला मी टायरवरचा वजनाचा आकडा पण दाखवला. मूळ टायरवर ८८ असतं म्हणजे एका टायरला ५६० किलो चालतं, आणि त्यानं आणलेल्यावर ८४ होतं म्हणजे ५०० किलो. गाडी काही एवढी जड नाही हे मलाही कळतं पण मूळ आकड्याच्या खाली जायचं नाही हा आमच्या दुकानातला नियम आहे, खड्ड्यात पडताना चाकावर किती भार येतो ते कुठल्या काट्यावर मोजून बघणार.

बरं मग रिम सोडा, टायरच उंच टाकू म्हणतात. हे मी स्वतः केलंय म्हणून सांगतो. तीन वर्षांपूर्वी मी माझ्याच गाडीला, त्याच १५ च्या रिमवर, २०५/६५ चे टायर चढवले. दुकान घरचं, विचारणार कोण. चाक झालं ६४७ मिमी, म्हणजे २६ नं मोठं. पण गाडी २६ नं उचलत नाही हो, उचलते निम्मीच, कारण चाक मधल्या एक्सलच्या वर जेवढं वाढतं तेवढंच खाली वाढतं आणि वरचं वाढलेलं नुसतं मडगार्डकडं जातं. म्हणजे मिळाले १३ मिमी. अर्धा इंच. आणि त्या अर्ध्या इंचासाठी मी काय काय दिलं बघा. पूर्ण स्टेअरिंग कापलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासायचा. पिकअप मेला, चढाला दुसरा गिअर टाकावाच लागायचा. ब्रेक जरा लांब लागतोय असं वाटायला लागलं, आणि ते नुसतं वाटणं नव्हतं कारण चाक मोठं झालं की तेवढ्याच ब्रेकला जास्त जोर लावावा लागतो. मीटर सव्वाचार टक्क्यांनी मागं पडला, म्हणजे मीटरच्या हिशोबानं ८० असताना खरा वेग आधीपेक्षा तीन-साडेतीननं जास्त. कंपनीचा मीटर मुळात थोडा जास्तच दाखवत असतो म्हणून पावती फाटली नाही एवढंच. आणि गंमत म्हणजे मायलेज कमी झालं म्हणून मी सहा महिने पंपवाल्याला शिव्या घालत होतो. खरं तर गाडी १०० किलोमीटर पळाली की मीटरवर ९६ च पडायचे, त्यामुळं खरं मायलेज २० चं असताना कागदावर १९ येणार. पंपवाल्याची माफी अजून मागितलेली नाही.

स्टेपनीचं तर विसरूनच गेलो होतो. एकदा रात्री पंक्चर झाली आणि जुन्या साईझची स्टेपनी लावली, एका बाजूला ६२१ चं चाक आणि दुसऱ्या बाजूला ६४७ चं. एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ देत नाही ती यंत्रणा) दिवा लागला आणि गाडी एका अंगाला ओढायला लागली. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या सरळ करणारा माणूस स्वतःची गाडी वाकडी चालवत घरी आला.

आणि एवढं सगळं करून त्या दिवाळीला पाच माणसं घेऊन निघालो तर पहिल्याच ब्रेकरला खर्रर्र.

टायरवाले एकमेकांत एक नियम मानतात की मूळ चाकापेक्षा फार तर तीन टक्के मोठं चालेल. ते तीन टक्के काढले तर स्विफ्टला चाक १८ मिमीनं वाढतं, म्हणजे गाडी उचलते ९ मिमी. करंगळीच्या नखाएवढं. त्याच्या पुढं टायर टाकून गाडी उंच करता येत नाही, करायची म्हटली तर मी वर लिहिलेलं सगळं सोसा. मग लोक दुसऱ्या वाटेला जातात, स्प्रिंगमध्ये रबराचे बफर. मेहुण्यानं टाकले, मला न विचारता. मागच्या स्प्रिंगच्या दोन वेटोळ्यांमध्ये ते जाड रबर अडकवतात, मागून गाडी वर येते, बघायला बरं वाटतं. पण त्या दोन वेटोळ्यांचं काम बंद पडलं, उरलेल्यांवर सगळा भार, मग गाडी मागून दगडासारखी उडते, रिकामी असताना तर ब्रेकरवर मागचं चाक जमिनीवर आहे की हवेत तेच कळत नाही. शॉकअपला पण उरलेली हालचाल कमी. मागून वर म्हणजे पुढून खाली आलीच की, आणि चेंबर पुढंच असतंय! हेडलाईटचा उजेड पण नाकासमोर पडायला लागला. आता पुढं पण उचलतात, शॉकअपच्या डोक्यावर ॲल्युमिनियमची चकती घालून. त्यानं इंजिनाकडून चाकाकडं जाणारा शाफ्ट तिरका होतो, त्याचं रबरी बूट फाटतं, ग्रीस उडून जातं आणि वळताना कट-कट-कट सुरू. कॅम्बर बिघडतो, म्हणजे चाक वरून बाहेर कलतं आणि टायर एका कडेनं झिजतो, आणि अशा गाड्यांना कॅम्बर सेट करायची सोयच नसते त्यामुळं माझ्या अलाईनमेंट मशिनवर लाल आकडा येतो तो लालच राहतो. गिऱ्हाईक म्हणतं मशिन खराब आहे.

कायद्याचं पण सांगतो कारण विचारतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीनं गाडी जशी मंजूर करून घेतली त्यापेक्षा वेगळी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण केरळच्या एका केसमध्ये तेच स्पष्ट सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला एकेका बदलाचा ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं कलम १८२अ मध्ये आहे. टायरवरून कुणाला आत टाकलेलं मी काही बघितलं नाही. पण अपघात झाला की इन्शुरन्सचा माणूस आधी गाडीभोवती फिरून टायरवरचे आकडे लिहून घेतो, ते मी बघितलंय. म्हणून माझं सरळ सांगणं, गाडीच्या ड्रायव्हर दाराच्या चौकटीवर हवेच्या प्रेशरचा स्टिकर असतो त्यावर कुठला टायर साईझ चालतो ते कंपनीनं लिहिलेलं असतं, तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला जो साईझ दिलाय तो बिनधास्त टाका, १४ ची असेल तर १५ करा, त्याच्या पलीकडं हौस असेल तर हौस म्हणून करा, माझ्या दुकानात नको.

पण मग गाडी खाली लागते त्याचं काय? संपादक साहेब, आता मुद्द्यावर येतो.

माझी गाडी २०५ च्या टायरवर पण लागली तेव्हा मला राग ब्रेकरचा नाही, स्वतःचा आला. एवढी वर्षं मी टायरच मोजत होतो, ब्रेकर कधी मोजलाच नव्हता. मग एका रविवारी पहाटे सहाला टेप, दोरी आणि दुकानातल्या पोराला घेऊन गेलो. दोरी ताणून धरली आणि माप घेतलं. ब्रेकर रुंदीला अडीच फूट, पाऊण मीटर म्हणा, आणि उंची सहा इंच, १५० मिमी. आता कंपनीच्या पुस्तकात स्विफ्टची खालची उंची १६३ आहे. १६३ मधून १५० गेले, १३ राहिले, म्हणजे लागायला नको. पण १६३ ही रिकाम्या गाडीची उंची. एसयूव्हीच्या टॅक्ससाठी सरकार १७० मिमीची अट बघतं ती पण रिकाम्या गाडीचीच, २०२३ मध्ये जीएसटीवाल्यांनी मुद्दाम तसं स्पष्ट केलं. रस्त्यावर मात्र गाडी भरलेली असते. मी माझ्या गाडीत पाच माणसं आणि सामान भरून टेप लावला तर गाडी साधारण ४५ मिमी खाली बसली होती. १६३ मधून ४५ गेले, ११८. ब्रेकर १५०. नेहमीचे टायर असते तर ३२ मिमी कमी पडत होते, मी टायर बदलून १३ मिळवले, तरी १९ कमीच. पुढचं चाक ब्रेकरवरून उतरताना शॉकअप दबतो आणि नाक आणखी खाली जातं ते तर धरलंच नाही.

मी माप घेत होतो तेवढ्यात एक आजोबा आले, हातात दुधाची किटली. काय वो, कुठल्या खात्याचं म्हणायचं? म्हणलं खात्याचा नाही आजोबा, टायरवाला आहे, ब्रेकर जरा उंच झालाय बघा. ते म्हणाले, उंचच पायजे. मग किटली खाली ठेवून सांगितलं की दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नातवाला हितंच गाडीनं उडवलं, पाय दोन ठिकाणी मोडला, पोरगं अजून जरा लंगडतं, शाळा रस्त्याच्या पलीकडं. दुसऱ्या दिवशी गावातल्या पोरांनी रस्त्याच्या कामावरचं उरलेलं डांबर आणून रात्रीत ब्रेकर टाकला. मी काय बोलणार. माझी गाडी खाली लागते हे त्या माणसाला सांगायची मला लाज वाटली. आमच्याकडचे निम्मे ब्रेकर असेच झालेत, कुणीतरी गेलंय किंवा जाता जाता वाचलंय म्हणून. ते काढा असं मी म्हणतच नाहीये, हे पत्र वाचून कुणी तसं समजू नये.

भाचा सिव्हिल इंजिनिअर आहे, त्याला रात्री फोन केला. तो म्हणाला मामा ब्रेकरचं माप ठरलेलं असतं. इंडियन रोड्स काँग्रेसचं एक पुस्तक आहे, आयआरसी ९९, पहिलं १९८८ सालचं, त्यात गोल पाठीच्या ब्रेकरची रुंदी ३.७ मीटर आणि उंची फक्त १० सेंटिमीटर दिलेली आहे, पाठीचा गोलावा १७ मीटर त्रिज्येचा. ताशी २५ च्या वेगानं गाडी पार व्हावी अशा हिशोबानं. हे माप ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात वॉट्स नावाच्या संशोधकानं प्रयोग करून काढलेल्या मापाशी जुळतं, ३.७ मीटर म्हणजे साधारण १२ फूट. मला आधी वाटलं भाच्याचं काहीतरी चुकतंय. १२ फूट रुंद ब्रेकर! एवढा लांब आणि एवढा बसका ब्रेकर गाडी काय थांबवणार.

म्हणून शाळेच्या मैदानावर आखून बघितला. १७ मीटरची दोरी घेतली, एक टोक खुंटीला, दुसऱ्या टोकाला फक्कीचा डबा, कबड्डीचं मैदान आखतो तसा कंस आखला. मग २ मीटर ४५ सेंटिमीटरचा बांबू कापला, स्विफ्टच्या पुढच्या आणि मागच्या चाकात तेवढंच अंतर आहे. बांबूची दोन्ही टोकं त्या कंसावर ठेवली, म्हणजे दोन्ही चाकं ब्रेकरच्या पाठीवर. मध्ये कंस बांबूच्या वर किती जातो ते मोजलं. साडेचार सेंटिमीटरला थोडं कमी. हिशोबानं ४४ मिमी येतात. म्हणजे ब्रेकर १०० मिमी उंच असला तरी गाडीच्या पोटाकडं येतात फक्त ४४, कारण ब्रेकर गाडीपेक्षा लांब आहे, गाडी अख्खी त्याच्यावर चढते आणि अख्खी उतरते. आमचा पाऊण मीटरवाला ब्रेकर दोन चाकांच्या मध्ये मावतो, त्यामुळं त्याचे १५० च्या १५० पोटाखाली येतात. भरलेली स्विफ्ट ११८ वर, त्यातून ४४ गेले तरी ७४ मिमी शिल्लक. पाच माणसं, डिकीत नारळाचं पोतं, जुने १८५ चे टायर, तरी तीन इंच मोकळे. दुकानातला पोरगा म्हणाला मामा मग आपण एवढे दिवस काय विकत होतो.

आणि गाडी हळू होते का, तर होते. आजोबांसाठी तोच प्रश्न महत्त्वाचा आहे. अरुंद ब्रेकरवर जोरात आलेल्या मोठ्या गाडीला फारसं काही होत नाही, धक्का इतका पटकन येऊन जातो की तो शॉकअप आणि टायरच खाऊन टाकतात. म्हणून ती मोठी टायरवाली जीप आणि खडीचा डंपर आमच्या ब्रेकरवरून तसेच जातात आणि थांबते कोण तर छोटी गाडी, दुचाकीवरची बाई मागं पोर घेऊन आणि उसाची ट्रॉली. लांब ब्रेकरवर मात्र जोरात आलं तर अख्खी गाडी वर जाऊन खाली येते, ड्रायव्हरचं डोकं छताला लागायची वेळ येते, मग तो पुढच्या खेपेला आपोआप पाय काढतो. म्हणजे ज्या गाडीनं नातवाला उडवलं असेल तशा गाडीला हा रात्रीतला ब्रेकर अडवतच नाही, आणि हे आजोबांना कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.

असा ब्रेकर का होत नाही तर मला वाटतं दोन कारणं आहेत. डांबर साधारण तिप्पट लागतं, आणि मापाला धरून करायचं तर लाकडाचा किंवा पत्र्याचा साचा लागतो, नुसतं फावड्यानं ओढून होत नाही. तिप्पट म्हटलं की मोठं वाटतं पण ते एका गाडीच्या चार अलॉयच्या किमतीशी ताडून बघा. आमच्या त्या एका रस्त्यावरच्या लोकांनी टायर, बफर, चेंबर आणि शॉकअपवर माझ्या एकट्याच्या दुकानात जेवढे पैसे घातले तेवढ्यात काही ब्रेकर नक्की झाले असते, माझ्या वह्या आहेत, हवं तर दाखवतो. आणि काहीजणांनी तर ह्याच वैतागानं चांगली चालणारी छोटी गाडी विकून उंच गाडी घेतली, हप्ते भरतायत, एका डांबराच्या ढिगाऱ्याला घाबरून.

माझी मागणी एवढीच आहे. रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी पुढच्या वेळी डांबरीकरण निघेल तेव्हा त्या टेंडरमध्येच ब्रेकरचं माप लिहावं, ३.७ मीटर आणि १० सेंटिमीटर, आणि कामाचं बिल काढायच्या आधी टेप लावून बघावं, टेप नसेल तर माझा घेऊन जा. ४० मीटर आधी पाटी आणि ब्रेकरवर पांढरे-काळे पट्टे, हे पण त्याच पुस्तकात आहे. आमच्याकडं पट्टे ब्रेकर टाकल्यावर पहिल्या पावसापर्यंत असतात. आणि गावानं शाळेसमोर, दवाखान्यासमोर ब्रेकर मागितला तर अर्ज फायलीत ठेवू नका, कारण अर्ज फायलीत राहिला की ब्रेकर रात्रीत होतो. तुम्ही एवढं करा साहेब, तुमच्या वार्ताहरांना प्रत्येकी एक टेप द्या आणि आपापल्या भागातले चार ब्रेकर मोजून आकडे छापा, बाकी काही लिहू नका. रुंदी आणि उंची, बस्स. लोकांना हिशोब मी शिकवतो.

आजोबांकडं मी परत गेलो होतो, बांबू घेऊनच. अंगणात फक्कीनं कंस काढून दाखवला, त्यांनी बघितलं, नातवानं पण बघितलं, तो सातवीत आहे, त्याला त्रिज्या लगेच कळली. आजोबा म्हणाले तुमचा बरोबर असंल, पण नवा हुईस्तवर ह्यो काढायचा न्हाय. मी कबूल केलंय. नवा होईपर्यंत जुना काढायला कुणी आलं तर मी पण तिथं उभा राहणार आहे, गाडी खाली लागली तरी चालेल.

आपला,
एक टायरवाला
(नाव-गाव ऑफिसला कळवलंय, छापू नये, गिऱ्हाईक तुटतं)

ता.क. माझे २०५ चे टायर काढून ठेवलेत, फारसे झिजलेले नाहीत. पण स्विफ्टला टाकायला हवेत म्हणून कुणी दुकानात येऊ नये, देणार नाही.